काँक्रीटचे बाळपण

इमारत पडली असे वर्तमानपत्रात वाचले की आपल्या डोळ्यांपुढे एखादा जुना वाडा उभा राहतो. भिंत पावसाने फुगलेली, तुळई वाळवीने पोखरलेली, दारावर नगरपालिकेची नोटीस. जुने पडावे यात कोणाला नवल वाटत नाही. परंतु जी इमारत अजून पुरी व्हावयाची आहे, जिच्यात एक खाट की एक कपाट चढलेले नाही, जिचे सिमेंट कालपरवाच पोत्यातून निघाले आहे, ती खाली आली म्हणजे आपण गोंधळतो आणि एकच निदान करून मोकळे होतो : "सिमेंट कमी घातले असणार!" सिमेंट कमी घालणारे लोक जगात नाहीत असे आम्ही म्हणणार नाही, ते आहेत. पण बांधकाम चालू असता घडणाऱ्या अपघातांची कहाणी पुष्कळदा निराळी असते. सिमेंट चांगले, लोखंड पुरते, इंजिनियर शिकलेला आणि नकाशा बिनचूक, एवढे सगळे असूनही मजला कोसळू शकतो. कारण नकाशा असतो पुऱ्या झालेल्या इमारतीचा, आणि त्या दिवशी जागेवर जे उभे असते ती इमारत नव्हेच.

हे थोडे उलगडून सांगावयास हवे. घडीव दगड पहिल्या दिवशी जितका बळकट तितकाच शंभराव्या दिवशी. सागाच्या तुळईचे किंवा लोखंडी गर्डरचेही तसेच. आणून ठेवले की कामाला लागले. काँक्रीटची रीत वेगळी. ते आपले सगळे वजन घेऊनच जन्माला येते, आणि बळ मात्र त्याला दिवसादिवसाने, आठवड्या-आठवड्याने येते. वजन आधी, ताकद मागाहून. या दोहोंमधल्या अवधीत ते दुसऱ्याच्या खांद्यावर असते, आणि तो खांदा म्हणजे आपल्या गवंड्यांच्या भाषेतले सेंटरिंग : फळ्या, पत्रे, बल्ल्या, लोखंडी टेकू, पाचरी.

वजन तरी किती? सळयांसकट एक घनमीटर काँक्रीट म्हणजे सुमारे अडीच टन. आपल्या घरातली एक बेताची खोली घ्या, तीन मीटर रुंद, चार मीटर लांब. तिच्यावरचा स्लॅब साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने पाच इंच जाड. काँक्रीट झाले दीड घनमीटर, वजन पावणेचार टन. चार लहान मोटारी फळ्यांच्या तात्पुरत्या माळ्यावर नेऊन उभ्या कराव्यात, तसा हा प्रकार. वर आणखी पंधरावीस माणसे, घमेली, पंपाची धडधडणारी नळी. स्लॅब भरण्याच्या दिवशी मालक हौसेने नारळ फोडतो, पेढे वाटतो, आणि वर जाऊन काम पाहतो. आमचे म्हणणे असे की त्या दिवशी त्याने आधी खाली जाऊन पाहावे.

खाली पाहावयाचे काय? एक सोपा प्रयोग सांगतो. हातातली वेताची छडी जमिनीवर उभी टेकवा आणि वरून दाबा. छडी चेंगरत नाही, फुटत नाही. ती कुशीला वाकते आणि हातातून निसटते. आता शेजाऱ्याला तीच छडी मधोमध घट्ट धरावयास सांगा आणि पुन्हा दाबा. किती जोर लावावा लागतो ते पाहा. अठराव्या शतकात ऑयलर नावाच्या स्विस गणितज्ञाने याचा हिशेब मांडला. सडपातळ खांबाची मोकळी लांबी निम्मी केली तर वाकण्यापूर्वी तो चौपट भार पेलतो. म्हणून टेकूंच्या मध्यावर ज्या आडव्या बल्ल्या बांधतात त्यांना शोभेची गोष्ट समजू नये. चार आण्यांची ताकद रुपयाची करणारी ती जादू आहे. त्या दोन्ही दिशांनी हव्यात, आणि नुसत्या आडव्याही पुरत नाहीत, तिरप्या कैच्याही हव्यात. नाहीतर सगळे टेकू एकमेकांचे हात धरून एकदमच एका बाजूला झुकतात. पुष्कळ ठिकाणी या बांधण्या येण्याजाण्याला अडचण होते म्हणून सोडून ठेवलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. अडचण होते हे खरेच, पण वाट मोकळी ठेवण्याचे ते ठिकाण नव्हे.

टेकूच्या पायाखाली काय आहे हा त्याहून साधा प्रश्न, आणि म्हणूनच तो कोणी विचारीत नाही. पहिल्या स्लॅबचे टेकू बहुधा जोत्यात नव्याने भरलेल्या मातीवर उभे असतात. कोरडी असताना ती माती टणक भासते. रात्री अवकाळी पाऊस पडला किंवा स्लॅबला मारलेले पाणी खाली झिरपत राहिले की तीच माती लोण्यासारखी होते. एक टेकू दोन बोटे खचला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो. शेजारचा आधीच पुरता दाबलेला असतो. टेकूखाली रुंद, जाड फळी हवी. फुटक्या विटांची चळत करून तिच्यावर टेकू चढवणे हा आपल्याकडचा सर्रास चालणारा खेळ आहे, आणि त्याला खेळ म्हणण्यात आम्ही सौम्यपणाच दाखवीत आहोत. वरही तेच. पंपाने आलेले काँक्रीट एका कोपऱ्यात ढिगाने सोडायचे आणि मग फावड्याने ओढीत न्यायचे, यात त्या कोपऱ्याखालच्या टेकूंवर हिशेबाच्या दुप्पट-तिप्पट भार घटकाभर तरी येतो. घटकाभर पुरेसा होतो.

आता काळाकडे वळू. काँक्रीट 'वाळते' असा आपला समज असतो. ते मुळीच वाळत नाही, निदान वाळल्याने घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांचा रासायनिक संयोग होऊन त्याचे दगडात रूपांतर होते. म्हणून तर आपण त्यावर पाण्याची आळी बांधतो. पाणी संपले की वाढ खुंटली. ही वाढ पहिल्या आठवड्यात झपाट्याने होते, पुढे मंदावते. अठ्ठावीस दिवसांच्या बळाला आपण पुरे बळ मानतो. आणि सर्व रासायनिक क्रियांप्रमाणे हीही उष्णतेत जोरात चालते, थंडीत रेंगाळते.

टेकू कधी काढावेत याविषयी भारतीय मानक ४५६ यात, त्याच्या २००० सालच्या आवृत्तीत, मुदती दिल्या आहेत. खांबांच्या उभ्या फळ्या १६ ते २४ तासांनी काढल्या तरी चालतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून लांब स्लॅबचे १४ दिवस; सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवस, त्यापुढे २१ दिवस. हे आकडे आमच्या मुकादमांना पाठ असतात. पण त्या कोष्टकाच्या डोक्यावर जी अट लिहिली आहे ती कोणाला पाठ नसते. साधे पोर्टलंड सिमेंट असेल, पाणी नीट मारले असेल आणि हवेचे तापमान १५ अंशांच्या खाली उतरले नसेल, तरच हे दिवस खरे. डिसेंबर-जानेवारीत निफाडला किंवा पुण्याला पहाटे पारा दहाच्या खाली जातो, आणि आज बाजारातून येणारे पोते पुष्कळदा राख मिसळलेल्या सिमेंटचे असते. ते सिमेंट वाईट नाही, शेवटी चांगलेच होते. फक्त बाळपणी सावकाश वाढते. अशा वेळी सात दिवस मोजणे म्हणजे मुलाची उंची न पाहता नुसती जन्मतारीख पाहून त्याच्या खांद्यावर कावड देणे होय. त्याच मानकात मूळ तत्त्वही सांगितले आहे : आधार काढताना काँक्रीटवर जो ताण येणार त्याच्या निदान दुप्पट बळ त्याच्या अंगी आलेले असले पाहिजे. दिवस हा त्या तत्त्वाचा नुसता सोयीचा अंदाज.

या अंदाजाने एकदा काय केले ते सांगतो. पुढची तीन उदाहरणे आम्ही अमेरिकेतली घेत आहोत. आपल्याकडे अपघात कमी होतात म्हणून नव्हे. तिथल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेने या तिन्ही अपघातांची चिकित्सा केली, हिशेब मांडला आणि तो छापून जगापुढे ठेवला म्हणून.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात विलो आयलंड येथे वीजकेंद्रासाठी पाणी थंड करण्याचा एक प्रचंड मनोरा चालला होता. आपल्याकडे औष्णिक केंद्रांजवळ डमरूच्या आकाराचे जे मनोरे दिसतात त्यातलाच. दररोज सुमारे दीड मीटर उंचीचा एक थर भरायचा, असे काम चाले. सोयीची गोष्ट म्हणजे जमिनीपासून परांची बांधण्याची गरज नव्हती. परांची, फळ्या आणि काँक्रीट वर ओढणारी यंत्रे हे सगळे खालच्या, आधी भरलेल्या थरांनाच बोल्टांनी अडकवलेले होते. मनोरा जसजसा वाढे तसतशी परांची त्याला धरून वर चढे. २६ एप्रिल १९७८ रोजी २८वा थर भरला. रात्र थंडीची गेली, पारा १० अंशांच्याही खाली होता. २७ तारखेला सकाळी २९व्या थरासाठी काँक्रीट वर येऊ लागले, आणि दहाच्या सुमारास कालचा थर सुटला. एका जागी सुटला आणि पुढे दोन्ही अंगांनी, सदऱ्याची शिवण उसवत जावी तसा, मनोऱ्याच्या कडेने उसवत गेला. त्याला धरलेली परांची माणसांसकट सुमारे पन्नास मीटर खाली आली. ५१ माणसे गेली. त्यात एकाच कुटुंबातील अकरा जण होते. कालच्या त्या काँक्रीटचे बळ त्या सकाळी किती असावे याचा अंदाज चौकशीत काढला, तो दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १५ किलो आला. आपल्या साध्या घराचे काँक्रीट पुरे झाल्यावर दोनशेच्या घरात असते. तिथले काँक्रीट खराब नव्हते. आणखी काही दिवस मिळाले असते तर ते उत्तम झाले असते. परांची चढवण्यापूर्वी "आज याच्यात किती जोर आला आहे?" एवढे पाहावयास हवे होते.

एका मजल्याचे घर असेल तर हिशेब इथेच संपतो. टेकू जमिनीवर, भार जमिनीत. पण आता आपल्या तालुक्याच्या गावीही सात-आठ मजले उठू लागले आहेत, आणि तिथे एक नवीनच गोष्ट उपजते. टेकू वजन खाऊन टाकीत नाही. तो ते खाली देतो. पाचव्या मजल्याचा ओला स्लॅब टेकूंवर, ते टेकू चौथ्या मजल्यावर, जो अवघ्या आठदहा दिवसांचा. त्याच्याखाली पुन्हा टेकू, आणि खाली तिसरा. स्वतःला धड उभे राहता येत नाही अशा मुलाच्या खांद्यावर धाकटे भावंड, असा तो डोलारा असतो. १९६३ साली ग्रंडी आणि कबैला या दोघा अभ्यासकांनी याचा हिशेब केला. तीन मजल्यांइतके टेकूंचे थर ठेवून काम चालवले तर काही वेळा एकेका मजल्यावर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सव्वादोन पटींहून अधिक भार येतो. आपल्या पाच इंची स्लॅबवर बसवून पाहा. त्याचे स्वतःचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३१२ किलो. सव्वादोन पट म्हणजे सातशेच्या वर. उलट घरासाठी मजला आखताना आपण काय धरतो? स्वतःचे ३१२, फरशीचे शंभरएक, आणि माणसे-सामान मिळून दोनशे. बेरीज सहाशेच्या थोडी पुढे. म्हणजे साऱ्या आयुष्यात जेवढा भार यावयाचा नाही, तेवढा बांधकामाच्या दिवसांतच, अंगात पुरते बळ येण्याआधी येऊन जातो. टेकूंचा आणखी एक थर वाढवला म्हणून हा आकडा खाली उतरत नाही, ही त्यातली गंमत. फायदा इतकाच की तो भार येईपर्यंत मजल्याचे वय वाढलेले असते. थर म्हणजे विकत घेतलेले दिवस.

हे दिवस न घेतल्याचे उदाहरण व्हर्जिनियातील बेलीज क्रॉसरोड्स येथे स्कायलाइन प्लाझा या वसाहतीत घडले. २ मार्च १९७३ ची दुपार. चोविसाव्या मजल्याचे काँक्रीट पडत होते आणि त्याच वेळी बाविसावा व तेविसावा यांच्यामधले टेकू काढून टाकण्याचे काम चालले होते. हवा थंड, तेविसावा मजला कोवळा. या इमारतीत बीम नव्हते. सपाट स्लॅब सरळ खांबांवर टेकलेले. अशा रचनेत खांब स्लॅबमधून आरपार घुसण्याचा धोका असतो, पुठ्ठ्यात पेन्सिल खुपसावी तसा. या मोडण्याला पूर्वसूचना फारशी नसते. एका खांबाभोवती स्लॅब फाटला, शेजारच्या खांबांवर भार गेला, तेविसावा बाविसाव्यावर पडला, तो एकविसाव्यावर, आणि इमारतीचा मधला भाग जमिनीपर्यंत रिता झाला. १४ कामगार दगावले, तीसहून अधिक जखमी झाले.

तिसरे उदाहरण वाचताना आम्हांस नेहमी खिळा गेला म्हणून नाल गेली, ती गोष्ट आठवते. फ्लॉरिडातील कोको बीच येथे हार्बर के नावाची पाचमजली निवासी इमारत. २७ मार्च १९८१ रोजी छताचे काँक्रीट भरणे चालू असता सगळी इमारत खाली आली, ११ गेले. हिचीही रचना सपाट स्लॅबची. खांब स्लॅबमधून घुसेल काय, हा हिशेब रचनाकारांनी केलाच नव्हता, ही पहिली चूक. दुसरी चूक जागेवरची. स्लॅबच्या वरच्या अंगाला ज्या सळया असतात त्या ठराविक उंचीवर राहाव्यात म्हणून त्यांच्याखाली तारेच्या लहान खुर्च्या ठेवतात. आठ इंची स्लॅबसाठी त्या सव्वाचार इंचांच्याच आणल्या गेल्या, त्यामुळे सळया हव्या त्याहून सुमारे इंचभर खाली बसल्या. अशक्त स्लॅब आणखी अशक्त झाला. इतके असूनही आधीचे मजले उभे राहिले होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बांधकामाचा भार येईपर्यंत दोष झाकून राहिला.

ही इंचाची गोष्ट आपल्या घरी आणावयाची तर गॅलरीकडे पाहा. खोलीचा स्लॅब दोन्हीकडे टेकलेला असतो. तो मधे खाली लवू पाहतो, म्हणून मधल्या भागात सळई तळाला हवी. गॅलरी एका बाजूने भिंतीत धरलेली आणि दुसरी बाजू अधांतरी. ती कडेला लवते, वरून ताणली जाते. म्हणून तिची सळई माथ्याला हवी. बांधताना ती माथ्याला बांधतातही. मग काँक्रीट टाकताना त्याच सळयांवरून घमेलेवाल्यांची ये-जा सुरू होते, आणि संध्याकाळपर्यंत सळ्या दबून तळाला जातात. वरून काही दिसत नाही. टेकू आहेत तोवर गॅलरी ऐटीत उभी असते. टेकू काढला की बारीकशी भेग भिंतीलगत वरच्या अंगाला पडते आणि गॅलरी दाराच्या पानासारखी खाली लोंबते. खाली कोण उभा असतो? ज्याने टेकू काढला तोच.

मागाहून चौकशीत त्याच माणसाकडे बोट दाखवले जाते, हे आम्हांस मान्य नाही. मजूर आपल्या मनाने टेकू काढीत नाही. सेंटरिंगचे सामान भाड्याचे असते, भाडे दिवसावर असते, वरच्या मजल्याला फळ्या कमी पडत असतात, आणि खाली मालक दसऱ्याच्या वास्तुशांतीचा मुहूर्त काढून बसलेला असतो. कंत्राटदाराला "अजून स्लॅब नाही झाला?" असे रोज विचारणारे आपणच असतो. या घाईची अगदी टोकाची गत पाहावयाची तर ठाण्याजवळ मुंब्र्याची आठवावी. ४ एप्रिल २०१३ रोजी तिथली एक अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे मेली. तिथे दोष एक नव्हता, परवानगीपासून मालापर्यंत सगळेच अंधारात होते. पण वर मजले चढत असतानाच खाली बिऱ्हाडे राहावयास आली होती, मुलेबाळे नांदत होती. बांधकाम म्हणजे धोक्याचा काळ ही जाणीवच जिथे पुसली जाते, तिथे त्या काळात झोपणारी माणसेही येतात.

तेव्हा घर बांधवून घेणाऱ्या गृहस्थाने करावयाचे काय? त्याने इंजिनियर होण्याची गरज नाही. स्लॅबच्या दिवशी पंधरा सेंटीमीटरचे काँक्रीटचे ठोकळे भरून दाबून पाहण्यासाठी पाठवतात हे त्याने ऐकलेले असते. त्यातले काही ठोकळे प्रयोगशाळेच्या उबदार हौदात न ठेवता त्याच स्लॅबवर, त्याच थंडीत, तेच पाणी पिऊन राहू द्यावेत, आणि टेकू काढण्याआधी ते फोडून पाहावेत, एवढे त्याने मागावे. हौदातला ठोकळा सिमेंट कसे होते ते सांगतो. स्लॅबवरचा ठोकळा स्लॅब आज कसा आहे ते सांगतो. खर्च काही शेकड्यांचा.

आणि टेकू निघत असताना क्रम विचारावा. खोलीच्या स्लॅबचे टेकू मधून सुरू करून दोन्ही भिंतींकडे काढीत न्यायचे, म्हणजे स्लॅब ज्या रीतीने लवण्यासाठी आखला आहे त्याच रीतीने हळूहळू लवतो. एकदम घण मारून पाडायचे नाहीत. पाचर सैल करीत, थोडे उतरवीत, थांबून पाहात. गॅलरीचे उलट : आधी मोकळ्या कडेचे टेकू सैल करायचे, मग भिंतीकडे सरकायचे. आधी भिंतीजवळचे काढले आणि कडेचे राहिले तर गॅलरी दोन टोकांवर टेकलेल्या स्लॅबसारखी मधे लवू पाहते, आणि तळाला तर तिच्यात सळई नसतेच.